एकेचाळीसावी जोडी

लिविया बोत्तेरोने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये खिडकीपाशी उभा राहून सिरिंजमध्ये आंब्याचा रस भरत होता.

सिरिंजला सुई नव्हती. खालच्या तोंडाला बोट लावून त्याने ती भरली, मग बोट काढलं आणि डोळे बारीक करून पेल्यात पडणारी धार बघत राहिला. आजूबाजूला नर्सेस, डॉक्टर, पेशंटचे नातेवाईक आपापली सँडविचेस खात होते. कुणी मान वर करून बघत नव्हतं. बहुतेक सगळ्यांना सवय असावी.

लिवियाला नव्हती. तिच्या हातात थर्माकोलचा डबा होता, डब्यात बर्फ, आणि बर्फात नखाएवढा एक तुकडा, नुकताच ऑपरेशन थिएटरमध्ये कुणाच्या तरी घशातून काढलेला. तिची लॅब समोरच्याच इमारतीत होती. मध्ये फक्त पार्किंग. पण बाहेर उत्तर ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलचा फेब्रुवारीतला पाऊस असा काही कोसळत होता, की त्या पार्किंगमधून बदकंसुद्धा विचार करून गेली असती.

"चुकतंय तुमचं," ती म्हणाली.

त्याने दचकून वर पाहिलं. सावळा, उंच, कुरळे केस, आणि शर्टाच्या खिशाला रसाचा एक मोठा डाग. "काय चुकतंय?"

"सिरिंज तिरकी धरलीय. धार बदलते त्याने. आणि घड्याळ कोण बघतंय? धरायचंही तुम्ही, बघायचंही तुम्ही, मोजायचंही तुम्ही?"

"मग तुम्ही मोजा."

"मी कशाला?"

"चूक तुम्ही काढलीत ना!"

डबा टेबलावर ठेवून लिवियाने मुकाट्याने मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं. त्याने पुन्हा सिरिंज भरली, या वेळी अगदी सरळ धरली आणि "दहा सेकंद," म्हणत बोट काढलं. "थांबा!" ती म्हणाली. त्याने बोट दाबलं. दोघंही वाकून सिरिंजमध्ये किती रस उरला ते बघू लागली, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"आई गं... बरं, आता सांगा तरी आपण काय केलं?"

"आपण वॉर्डातल्या एका आजोबांचा नाश्ता ठरवला," कपाळ चोळत तो म्हणाला. "रस पातळ असला की त्यांच्या श्वासनलिकेत जातो. फार घट्ट झाला की ते माझ्या अंगावर फेकतात." त्याने खिशावरचा डाग दाखवला. "कालचा फार घट्ट झाला होता."

तो स्पीच थेरपिस्ट होता. घशाच्या कॅन्सरने ज्यांचं बोलणं आणि गिळणं गेलंय, त्यांना ते पुन्हा शिकवायचा. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं — एझ्रा पायलट.

"पायलट? मग विमान कुठे ठेवलंत?"

"सगळे हेच विचारतात हो! आडनाव आहे ते. माझे पणजोबा टॉरेस सामुद्रधुनीत खडकांमधून जहाजांना वाट दाखवायचे. कप्तानांना त्यांचं खरं नाव उच्चारता येईना, म्हणून कामच आडनाव झालं."

"आणि तुम्ही?"

"मी घास पार नेतो. खडक घशातही असतात."

लिविया हसली आणि मग एकदम तिला डब्याची आठवण झाली. "मला निघायला हवं. हे नमुने वाट बघत नाहीत."

"छत्री आहे माझ्याकडे. चला."

छत्री होती, पण एकाच माणसाच्या मापाची. पार्किंगमध्ये पाऊल टाकताच वाऱ्याने ती उलटी केली. एझ्राने ती सरळ केली आणि लिवियाच्या डोक्यावर धरली.

"माझ्यावर नको! डब्यावर धरा!"

"डब्याला सर्दी होते का?"

"धरा हो!"

आणि मग ती दोघं पावसातून निघाली. मध्ये डबा, डब्यावर छत्री, आणि छत्रीच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं नखशिखांत भिजत. लॅबच्या दारात पोहोचेपर्यंत लिवियाच्या बुटांतून पाणी उडत होतं. डबा कोरडा ठणठणीत होता.

"कुणाचा आहे हा तुकडा?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. आम्हाला नुसता नंबर येतो."

"मला माणूस येतो. नंबर नाही." तो भिजलेल्या पापण्यांतून तिच्याकडे बघत होता. जरा जास्तच वेळ. "म्हणजे आपलं अर्धं-अर्धं काम आहे..."

दार लागलं तरी लिविया तिथेच उभी होती. मग तिला डबा आठवला.

*

त्यानंतर एझ्राला लॅबमध्ये यायला काहीही निमित्त पुरू लागलं. कधी घट्ट केलेली कॉफी चाखायला द्यायची ("थू! हे पेशंटला देता?" "नाही, हे फक्त आवडत्या माणसांना"), कधी उलटी झालेली छत्री इथेच राहिली असावी, कधी नुसतंच "जिन्यावरून चाललो होतो". लॅब चौथ्या मजल्यावर होती आणि जिना तिथेच संपत होता.

लिविया त्याला मायक्रोस्कोपवर बसवायची. जवळच्या इंगम गावातल्या ऊसवाल्या इटालियन घरातली ती मुलगी. बोलताना तिचे दोन्ही हात चालायचे, आणि कामाचं बोलायला लागली की आवाज चढायचा.

"हे बघा, कॅन्सरच्या पेशीला 'वाढ, वाढ' म्हणून सारखा एक निरोप येत असतो. तो अडवणारं औषध आहे आपल्याकडे. दिलं की ट्यूमर आकसतो. सगळे खूश! पण थोड्याच दिवसांत ती बया दुसऱ्या वाटेने तोच निरोप मागवते आणि पुन्हा वाढायला लागते. म्हणून दोन औषधं हवीत. दोन्ही वाटा एकाच वेळी बंद! पण कुठली दोन? कोण कुणाबरोबर चालेल? काही एकमेकांचं काम बिघडवतात, काही धड पेशीलाही मारतात..."

"म्हणजे तुम्ही लग्नं जुळवता."

"काय?"

"औषधांची. किती स्थळं पाहून झाली?"

"चाळीस."

"आणि एकही पसंत नाही?"

"एकही नाही."

"फारच चोखंदळ मुलगी आहात," तो हळूच म्हणाला. लिविया एकदम मायक्रोस्कोपमध्ये बघू लागली. आत काहीच ठेवलेलं नव्हतं.

एकेचाळीसावी जोडी तिने सोमवारी लावली आणि गुरुवारी सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. पहिल्या ओळीत एकच औषध, पेशी मजेत. दुसऱ्या ओळीत दुसरं औषध, पेशी मजेत. तिसऱ्या ओळीत दोन्ही...

तिने डोळे चोळले. काच पुसली. प्लेट काढून पुन्हा ठेवली. मग फोन उचलला.

"वर या! आत्ता!"

एझ्रा जिने चढून आला तेव्हा धापा टाकत होता, आणि हातात अजून कुणाचा तरी चमचा होता. त्याने मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"लिविया... मला काहीच दिसत नाहीये."

"तेच तर!" ती किंचाळली. "काही उरलंच नाही! मेल्या सगळ्या! एझ्रा, मेल्या! सात नमुन्यांपैकी पाचांत! आणि शेजारी धड पेशी ठेवल्यात, त्या बघा, त्यांना काही झालेलं नाही!" आणि काय होतंय ते कळायच्या आत तिने त्याला मिठी मारली होती, निळ्या हातमोज्यांसकट.

मग तिच्या लक्षात आलं. ती मागे सरकली. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल.

"डॉक्टर वीराकून काय म्हणाल्या?" त्याने विचारलं. त्या घशाच्या कॅन्सरच्या विभागाच्या प्रमुख होत्या. लिवियाचं काम त्यांच्याच हाताखाली चालायचं.

"त्यांना... अजून सांगितलं नाही."

"म्हणजे पहिल्यांदा मला?"

"तुझा नंबर पटकन लागला."

"तुझा," एझ्रा म्हणाला. "आतापर्यंत 'तुमचा' होता."

चमचा तिथेच विसरून तो गेला. लिवियाने तो धुऊन खिडकीत ठेवला, आणि दिवसभर उगीचच हसत राहिली.

*

प्लेटमधून माणसापर्यंतचा रस्ता लांबचा असतो. दोन्ही औषधं दुसऱ्या कॅन्सरसाठी आधीपासून वापरात होती — एक शिरेतून देण्याचं, एक गोळी — म्हणून त्यातल्या त्यात लवकर झालं. तरीही ट्रायलच्या, म्हणजे माणसांवरच्या चाचणीच्या, परवानग्या, समित्या, पुन्हा समित्या, यात वर्ष गेलं. त्या वर्षात लिविया आणि एझ्रा कितीदा स्ट्रँडवर समुद्राकडेने चालली, कितीदा फेरीने मॅग्नेटिक बेटावर गेली याला गणती नव्हती. लॅबमधल्या मुली तिला सरळ "पायलटीणबाई" म्हणू लागल्या होत्या. फक्त एक गोष्ट बोलायची राहिली होती.

एझ्राने ती एकदा बोलायला घेतलीही होती. कॅसल हिलच्या माथ्यावर दोघं वाऱ्यात बसलेली, खाली गाव, पलीकडे निळं बेट. "लिविया, मला तुला एक —"

"नको," ती घाईने म्हणाली. "आत्ता नको ना. ट्रायलचा निकाल लागू दे. माझं डोकं दुसरीकडे चालतच नाही..."

एझ्राने पायापाशचा एक खडा उचलून उताराकडे फेकला. "बरं. म्हणजे मीही ट्रायलमध्येच आहे म्हणायचा. कुठल्या गटात? खऱ्या औषधाच्या की साखरेच्या गोळीच्या?"

"आमच्या ट्रायलमध्ये साखरेची गोळी नाहीच," लिविया समुद्राकडे बघत म्हणाली. "सगळ्यांना खरंच औषध."

त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते बघायला तिने मान वळवली नाही. पण तिला ते दिसलं.

ट्रायल सुरू झाली. ज्यांचा कॅन्सर ऑपरेशन, किरणं, सगळं करून पुन्हा उलटला होता, अशा बारा जणांना घ्यायचं होतं. पहिला माणूस होता क्लॅरी हेनेबेरी.

हा क्लॅरी म्हणजे सगळ्या उत्तर क्वीन्सलँडचा आवाज. चाळीस वर्षं तो घोड्यांच्या शर्यतींचं वर्णन करत आला होता. रेडिओवर, लाउडस्पीकरवर, खेड्यापाड्यांतल्या धुळीच्या मैदानांवर. आता जिभेच्या मुळाशी ट्यूमर, पोटात जेवणाची नळी, आणि घशातून निघायची ती नुसती खरखर. तरी बोलायचा थांबत नव्हता. मागे एझ्राच्या अंगावर रस फेकणारे आजोबा म्हणजे हेच, आणि त्यांच्याशी एझ्राची चांगलीच गट्टी जमली होती.

"तुला भेटायचं म्हणतायत ते," एझ्राने लिवियाला सांगितलं. "म्हणतात, ही जोडी जिने जमवली ती मुलगी मला बघायचीय. डॉक्टरांची परवानगीही काढलीय त्यांनी."

"नको."

"पाच मिनिटं, लिविया."

"नको म्हटलं ना!"

"का पण? माणूस स्वतः बोलावतोय. का तुझं प्रेम फक्त बशीतल्या पेशींवर?"

त्याला नंतर वाटलं, हे वाक्य गिळता आलं असतं तर बरं झालं असतं. लिविया पांढरी पडली.

"नोएलीन," ती म्हणाली. "तिचं नाव नोएलीन होतं. मागच्या वेळी, तू इथे नव्हतास तेव्हा, एक औषध प्लेटमध्ये असंच छान चाललं होतं. मी तिला भेटले. मी तिला म्हटलं, बघा, आता बरं वाटेल. मी म्हटलं, एझ्रा! माझ्या तोंडाने! ती घरच्या बागेतली फुलं घेऊन लॅबमध्ये आली. आधीच. आभार मानायला." तिने तोंड फिरवलं. "औषधाने काही झालं नाही. काही म्हणजे काही नाही. तुला येत असेल रोज त्यांच्या डोळ्यांत बघायला. मला नाही येत."

एझ्रा काही बोलायला गेला, पण ती आत निघून गेली. आठवडाभर जिन्यावरून कुणी 'सहज' चाललं नाही.

*

आणि त्याच आठवड्यात क्लॅरीने औषध बंद करायचं म्हटलं.

चेहराभर लाल पुरळ, तोंड आलेलं, पोट धड नाही. ट्यूमर मरेल तेव्हा मरेल, आधी आपणच जाऊ अशी अवस्था. डॉ. वीराकून स्वतः लॅबमध्ये आल्या. एरवी शांत बाई, पण त्या दिवशी उभ्यानेच बोलल्या. "गोळीला मध्ये सुट्टी देता येते, नियमात तशी सोय आहे. पण सुट्टीत ट्यूमरने पुन्हा उचल खाल्ली तर? लिविया, तुझ्याकडे काही उत्तर आहे?"

"नाही," लिविया म्हणाली. "पण शोधते."

ट्रायलसाठी घेतलेल्या क्लॅरीच्याच नमुन्यातल्या पेशी तिच्याकडे वाढत होत्या. तिने नव्या प्लेटी मांडल्या. कुठे गोळी रोज, कुठे दिवसाआड, कुठे चार दिवस चालू आणि तीन दिवस बंद. जेवणाचं भान राहिलं नाही. दुपारी दारात कुणीतरी डबा ठेवून जायचं. नारळाच्या दुधात शिजवलेली रताळी, केळी, भोपळा. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. पण एझ्राच्या आकाच्या, म्हणजे आजीच्या, हातचं हे सोपसोप लिविया वासावरून ओळखायची. ती जेवायची, डबा धुऊन दारात ठेवायची.

उत्तर आलं आणि ती खुर्चीतून ताडकन उठली. चार दिवस चालू, तीन दिवस बंद... पेशी तरीही मरत होत्या! सुट्टीत त्यांना सावरायला वेळ मिळतच नव्हता!

डॉ. वीराकूननी आकडे बघितले, दोनदा बघितले, आणि म्हणाल्या, "समजावून कोण सांगणार त्यांना? माझं ते ऐकत नाहीत."

लिवियाने डोळे मिटले, उघडले. "मी जाते."

वॉर्डात क्लॅरी खिडकीकडे तोंड करून बसला होता. शेजारी एझ्रा, हातात कस्टर्डची वाटी. लिविया दारात दिसली तशी त्याच्या हातातली वाटी तिरकी झाली.

"ही ती?" क्लॅरी खरखरला. "अरे, ही तर पोरगी आहे! मला वाटलं चष्मेवाली कुणी म्हातारी असेल."

"मी लिविया. मी... मी वचन द्यायला नाही आले," ती भरभर म्हणाली, नाहीतर धीर सुटला असता. "औषध चालेलच असं मला सांगता येत नाही. चालेल असं वाटतंय, इतकंच. पण चार दिवस घेऊन तीन दिवस सुट्टी घेतली तरी ते जोर सोडत नाही, हे मी तुमच्याच पेशींवर बघितलंय. पुरळ कमी होईल. पोटही सुधारेल. अजून एकदा घेऊन बघाल का?"

क्लॅरी तिच्याकडे बघत राहिला. "माझ्याच पेशी? काय म्हणतात त्या?"

"चिवट आहेत. तुमच्यासारख्या."

म्हातारा हसला, हसता हसता खोकला. एझ्राने पाठ धरली. श्वास जागेवर आल्यावर क्लॅरी म्हणाला, "हा पोरगा म्हणतो, तू यायला घाबरत होतीस."

लिवियाने एझ्राकडे रागाने बघितलं. एझ्राने कस्टर्डकडे बघितलं.

"अगं पोरी, मी चाळीस वर्षं माइकपुढे उभा राहिलो. कोण जिंकणार हे मला एकदाही माहीत नव्हतं. घोडे धावतायत तेव्हाच बोलावं लागतं ना! सगळे पोहोचेपर्यंत गप्प बसलो असतो, तर दुसऱ्याच दिवशी घरी पाठवला असता. चूक होते. नाव चुकतं. हरणाऱ्याला जिंकवतो माणूस. पण बोलतो." त्याने दम घेतला. "ठीक आहे. चार दिवस चालू, तीन बंद. आणि तू बंदच्या दिवशी मला भेटायला यायचंस. हा नुसतं कस्टर्ड आणतो."

बाहेर कॉरिडॉरमध्ये दोघं भिंतीला टेकून उभी राहिली.

"त्या दिवशी मी फार लागेल असं बोललो," एझ्रा म्हणाला.

"हो. बोललास."

"चुकलो."

"हो." मग जरा वेळाने, "आकाला सांग, रताळी फार छान झाली होती."

"मीच केली होती ती," एझ्रा म्हणाला. "आका नुसती ओरडत होती."

*

चार-तीनचा हिशोब बसला. पुरळ ओसरलं. क्लॅरी चिडचिड करण्याइतका ठणठणीत झाला. लिविया सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जायची आणि तो तिला जुन्या शर्यती ऐकवायचा. खालच्या खरखरत्या आवाजात, पण काय वेग! आणि मध्येच, "तुमचं दोघांचं काय चाललंय? शर्यत आहे की फिरायला निघालाय?"

पहिल्या मोठ्या स्कॅनचा दिवस ऑगस्टमध्ये आला. आभाळ लख्ख निळं, हवेत सुखद गारवा. क्लॅरी डॉ. वीराकूनच्या खोलीत गेला आणि दार बंद झालं. एझ्रा आणि लिविया बाहेरच्या अंगणात, गुलमोहराच्या झाडाखालच्या बाकावर.

लिवियाला बसवत नव्हतं. ती उठायची, चार पावलं चालायची, परत बसायची.

"तुझ्यामुळे मलाही धडधडतंय," एझ्रा म्हणाला.

"एझ्रा, वाढला असला तर?"

"तर आपण आत जाऊन त्याच्याजवळ बसू."

त्याने ते इतकं साधेपणाने म्हटलं, की लिविया चालायची थांबली. 'आपण' म्हणाला तो. वाढला तरी 'आपण'. ती वर्षभर कशाची वाट बघत होती? सगळं छान होईल, निकाल लागेल, मनावरचं ओझं उतरेल, मग एखाद्या मोकळ्या संध्याकाळी... आणि या ट्रायलनंतर दुसरी ट्रायल असणार होती, तिच्यानंतर तिसरी. मोकळी संध्याकाळ येणारच नव्हती. आली होती ती ही सकाळ, बंद दाराची, धडधडणारी.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली.

एझ्राने मान वर केली.

"म्हणजे... नुसता आवडत नाहीस. ते डोकं आपटलं ना आपलं, तेव्हापासून... नाही, छत्रीपासून. तू डब्यावर छत्री धरलीस आणि स्वतः भिजलास. मी घरी गेल्यावर बूट सुकवताना हसत होते, एकटीच. मी तुला थांबवलं कॅसल हिलवर, मूर्खासारखं, आणि तू थांबलास. आता मी बोलतेय. निकाल काय येईल मला माहीत नाही, म्हणून आत्ताच बोलतेय. चांगला आला तर तुला वाटेल आनंदाच्या भरात बोलली, वाईट आला तर वाटेल —"

"लिविया."

"मला पूर्ण करू दे!"

"कर."

"...झालं."

एझ्रा उठून तिच्यासमोर आला. "मी सोळा वेळा पाठ केलं होतं काय म्हणायचं ते," तो म्हणाला. "आता एक शब्द आठवेना. स्पीच थेरपिस्ट म्हणे!"

"मग नको बोलूस."

तो नाही बोलला. लिवियाने डोळे मिटले. त्याच्या ओठांना कॉफीची चव होती, साध्या, पातळ, न घट्ट केलेल्या कॉफीची. डोक्यावर झाडात पोपटांचा कलकलाट चालला होता, आणि जगात दुसरं कुणी नव्हतं...

"वा! वा रे वा!"

दोघं दचकून बाजूला झाली. अंगणाच्या दारात क्लॅरी उभा होता. मागे डॉ. वीराकून, तोंडावर हात धरून.

"मी आत जीव मुठीत धरून बसलोय, आणि तुम्ही इथे..."

"क्लॅरी!" लिविया धावली. "काय म्हणाल्या? सांगा ना! क्लॅरी, सांगा!"

म्हाताऱ्याने हात वर करून तिला थांबवलं. कॉलर नीट केली. एक मूठ तोंडापुढे धरली, माइक धरावा तशी. एझ्राच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"सुटले!" क्लॅरी म्हणाला.

आवाज फाटका होता, खरखरीत, पण त्याखालून कुठूनतरी तो जुना आवाज वर येत होता. "सुटले, आणि ट्यूमर सुरुवातीलाच पुढे! ट्यूमर दोन घोड्यांच्या लांबीने पुढे, मागे शिरेतलं औषध, त्याच्या मागे गोळी! गोळी अडखळली, गोळी आता बाहेर जाते की काय! नाही, सावरली! चार दिवस पळते, तीन दिवस चरते, आणि आता आतल्या कडेने येतेय! दोघं जोडीने येतायत, ट्यूमर दमला! बघा, ट्यूमर दमला, मागे पडला —"

अंगणातून जाणारे थांबले. एक नर्स चहाचा कप हातात घेऊन उभी राहिली. व्हीलचेअरवरच्या एका बाईने चाक थांबवलं.

"— आणि निम्म्याहून लहान झालाय तो!" क्लॅरी ओरडला. खरोखर ओरडला. "निम्म्याहून लहान!"

लिवियाच्या तोंडून काय निघालं ते तिचं तिलाच कळलं नाही. ती क्लॅरीच्या गळ्यात पडली. मग डॉ. वीराकूनच्या. मग त्या नर्सच्या, जिला ती ओळखतही नव्हती. चहा सांडला.

"गेला नाहीये अजून," डॉ. वीराकून म्हणाल्या, पण त्यांचेही डोळे भरले होते. "लिविया, गेला नाहीये. आणि अकरा जण बाकी आहेत."

"माहीत आहे! माहीत आहे मला!"

"शर्यत लांब आहे म्हणायची," क्लॅरी बाकावर बसत म्हणाला. आता त्याचा दम संपला होता. एझ्राने गुडघ्यावर बसून त्याच्या मनगटावर बोटं ठेवली, श्वास ऐकला, मान हलवली — ठीक आहे. म्हाताऱ्याने त्याचा कान पकडून त्याला जवळ ओढलं. "काय रे पोरा? बोललास का शेवटी?"

"मी नाही. तीच बोलली."

"मला वाटलंच होतं."

लिविया झाडाखाली उभी राहून दोघांकडे बघत होती. रडत होती की हसत होती कुणास ठाऊक, दोन्ही एकदम चाललं होतं. एझ्रा उठला, तिच्याजवळ आला आणि उघड उघड, सगळ्यांसमोर, तिचा हात हातात घेतला.

"रविवारी आकाकडे जेवायला येतेस?" तो म्हणाला. "पण आधीच सांगतो, घरात सतरा माणसं असतील आणि प्रत्येक जण तुला विचारेल, लग्न कधी."

"मग काय सांगू त्यांना?"

"तूच ठरव. मला आता एकदम सगळे शब्द आठवलेत. रविवारपर्यंत थांबवत नाहीये."

"मग नको थांबूस," लिविया म्हणाली. "सांग ना. आत्ता सांग."

आणि एझ्रा पायलट बोलू लागला...